चेंबर बदलायचंय? आधी रीमर खाली ठेव

गणपतीहून परत आल्यावर भाच्याचा फोन आला. "मामा, आजोबांच्या रायफलीचा परवाना माझ्या नावावर झाला. .३१५ आहे. तुझ्याकडे लेथ आहे ना? मला थर्टी-ओ-सिक्स करून दे." .३१५ आणि थर्टी-ओ-सिक्स ही दोन वेगळ्या काडतुसांची नावं.

कुर्ल्याच्या एका टूलरूममध्ये माझी चौतीस वर्षं गेली. रीमर (भोक नेमक्या आकाराला कापणारं हत्यार), प्लग गेज, डायल लावून जॉब सेंटरला आणणं, सगळी हातातली कामं. त्याच्या दृष्टीने रायफलीचं चेंबर म्हणजे एक भोक, आणि भोकं पाडायला मामा आहेच.

मी नाही म्हटलं. पण 'नाही' म्हणून फोन ठेवला असता तर त्याने भिवंडीत नाहीतर उल्हासनगरात दुसरा कुणी लेथवाला गाठला असता. म्हणून त्याला दोन रविवार घरी बसवून सगळं समजावलं. कोकणातून किंवा देशावरून वारसाने आलेली शिकारी रायफल मुंबईच्या फ्लॅटमध्ये ठेवून तोच प्रश्न पडलेली आणखी मंडळी असणार, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

चेंबर म्हणजे काय आणि बदलायचं म्हणजे काय

बोल्ट-ॲक्शन, म्हणजे मागचा बोल्ट हाताने ओढून-ढकलून भरायच्या रायफलीच्या नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जी जागा असते ती चेंबर. ते सरळ भोक नसतं. काडतुसाच्या पुंगळीला बुडाशी जाडी असते, मग हलका उतार, मग खांदा, मग मान. चेंबर या आकाराचा साचा असतो, थाउच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात कापलेला. बार उडतो तेव्हा पितळेची पुंगळी फुगून या साच्याच्या भिंतीला चिकटते आणि मागून वायू निसटू देत नाही. साचा सैल असेल तर पितळ फाटतं, आणि फाटलेल्या पितळेतून येणारा वायू नेम धरणाऱ्याच्या डोळ्याच्या दिशेने येतो.

चेंबर बदलणं म्हणजे या साच्यात दुसऱ्या काडतुसाचा रीमर फिरवणं. रीमर फक्त धातू काढतो. शिंपी चुकला तर आतून दोन बोटं कापड सोडतो, इथे तशी शिलाई नाही.

म्हणून पहिला विचार मापांचा. काडतुसांच्या नावांवर विसंबू नका, नावं फसवी असतात. जिम कॉर्बेटच्या हातातली प्रसिद्ध .२७५ रिग्बी म्हणजे मुळात जर्मन ७×५७ मॉसर, इंग्रजी कपडे घातलेली. आणि तिची गोळी .२७५ इंच नाही, .२८४ इंचाची. आपली .३१५ तशीच. ही म्हणजे ऑस्ट्रियाची जुनी ८×५० आर मॅनलिकर. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकांसाठी या बोअरच्या (मापाच्या) रायफली काढल्या, नंतर इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागल्या. .३०३ हा फौजेचा बोअर, तो साध्या नागरिकाला मिळायचा नाही. म्हणून फौजेच्या ली-एन्फिल्ड रायफलीचीच घडण, पण काडतूस वेगळं. त्या एका कारणापायी भारतभरच्या घरांत .३१५ दिसते.

भाच्याच्या रायफलीला चार प्रश्न

पहिला प्रश्न नळीचा. चेंबर बदललं तरी नळीचं भोक आणि त्यातल्या पीळदार खाचा तशाच राहतात. .३१५ची गोळी साधारण .३२३ इंच, थर्टी-ओ-सिक्सची .३०८. फरक पंधरा थाउचा. आमच्याकडे पंधरा थाउच्या फरकाला शाफ्ट 'सैल आहे' म्हणत नाहीत, 'पडला' म्हणतात. ती गोळी खाचा न पकडता, पीळ न घेता बाहेर पडेल आणि पन्नास मीटरवर कुठे जाईल ते तिलाच ठाऊक. म्हणजे थर्टी-ओ-सिक्स इथेच बाद. नवी नळी लागेल, आणि नवी नळी म्हणजे चेंबर बदलणं नव्हे, जवळपास नवी रायफल.

भाचा हुशार आहे. तो म्हणाला, "मग त्याच मापाची गोळी असलेलं दुसरं काडतूस घेऊ. ८×५७ जेएस. तिची गोळी .३२३चीच."

बरोबर. म्हणून दुसरा प्रश्न: नवं चेंबर जुन्याला पूर्ण गिळतं का? जुन्या साच्याची प्रत्येक भिंत नव्या साच्याच्या आत मावली पाहिजे, म्हणजे रीमर सगळीकडून थोडा थोडा धातू काढेल आणि जुन्याचा मागमूस उरणार नाही. ८×५७ लांबीला मोठं आहे, ५० ऐवजी ५७ मिलिमीटर, तिथे ठीक. पण बुडाशी .३१५ची पुंगळी साधारण १२.५ मिलिमीटर, आणि ८×५७ची जेमतेम १२. पुढून गिळतंय, मागून उघडं पडतंय. ८×५७चं काडतूस बुडाशी अर्ध्या मिलिमीटरच्या पोकळीत बसेल. जिथे पितळेला सर्वांत जास्त आधार हवा तिथेच आधार नाही.

हा प्रश्न जिथे सुटतो ती उदाहरणं परदेशात आहेत. थर्टी-ओ-सिक्सचं ॲक्ली इम्प्रूव्हड करणं हे अमेरिकेतलं नेहमीचं काम: पुंगळीचा उतार कमी, खांदा ४० अंशांचा, बाकी तेच. थर्टी-ओ-सिक्सचं .३०० विंचेस्टर मॅग्नम करणंही मापात बसतं. गोळी तीच, पुंगळी सगळीकडून मोठी, आणि पूर्ण काडतुसाची कमाल लांबी दोन्हींची ३.३४० इंच, त्यामुळे मॅगझिनची लांबीही पुरते. उलटा प्रवास मात्र होत नाही. थर्टी-ओ-सिक्सची .३०८ विंचेस्टर करायची तर ६३ मिलिमीटरच्या साच्यात ५१ची पुंगळी बसवायची. त्यासाठी नळी मागून कापून, पुन्हा आटे पाडून, पुढचं सगळं नव्याने करावं लागतं.

तिसरा प्रश्न ताकदीचा आणि बोल्टचा. पुंगळीचं बूड बदललं की बोल्टचं तोंड, काडतूस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिनचे ओठ, सगळं बदलतं. .३१५च्या बुडाला बाहेर आलेली कडा आहे, ८×५७ला नाही. कडेवाल्या काडतुसासाठी केलेला एक्स्ट्रॅक्टर बिनकडेची पुंगळी नीट पकडत नाही. हेही एक वेळ जमवता येईल. दाब जमवता येत नाही. ही घडण मुळात ज्या .३०३ची, तिचा युरोपच्या मानकात कमाल दाब ३,६५० बार (इथे बार म्हणजे दाबाचं एकक), ८×५७ जेएसचा ३,९००, थर्टी-ओ-सिक्सचा ४,०५०. ली-एन्फिल्डच्या बोल्टचे लग, म्हणजे बोल्ट अडकवून धरणारे कान, मागच्या बाजूला असतात, मॉसर ९८सारखे चेंबरला लागून पुढे नाहीत. बार उडाला की बोल्टची पूर्ण लांबी दाबली जाते आणि बॉडी, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो ते अंग, ताणली जाते. जुन्या दाबाला ती घडण उत्तम आहे, पण म्हणून तिच्यावर कितीही दाब टाकता येत नाही. इशापूरलाच १९६०च्या दशकात ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची ली-धाटणीची रायफल काढायची होती, तेव्हा त्यांनी जुन्या .३०३ना रीमर मारला नाही. सुधारित पोलादात बॉडी नव्याने बनवली. कारखाना हे करतो, तर कुर्ल्याच्या लेथने शहाणपणा का दाखवावा?

चौथा प्रश्न कागदाचा, आणि खरं सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती. पण भाच्याला माप समजतं, कायदा कंटाळवाणा वाटतो.

कागद काय म्हणतो

शस्त्र अधिनियम १९५९चं कलम ५ वाचा. परवान्याशिवाय बंदूक बनवणं, विकणं एवढंच त्यात नाही; तिचं रूपांतर करणं, दुरुस्ती करणं आणि चाचणी घेणं हेही आहे. म्हणजे माझ्या लेथवर ती नळी चढली असती तर मी गुन्हेगार झालो असतो. रायफल परवान्याची आहे, भाचा सख्खा आहे, पैसे घेतले नाहीत, यातलं काहीही कामाला आलं नसतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१)खाली याची शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. हे वाचून भाचा पहिल्यांदा गप्प बसला.

शिवाय परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो. नळीवर एक बोअर आणि परवान्यावर दुसरा, म्हणजे हातात असलेलं शस्त्र परवान्यावरचं नव्हेच. काडतुसं परवाना दाखवून मिळतात, तीही परवान्यावरच्या बोअरची. चेंबर बदलून तुम्ही स्वतःचंच दुकान बंद करता.

आणि शिकारीचं म्हणाल तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून तो रस्ता बंद होत गेला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. मुंबईतल्या माणसाला थर्टी-ओ-सिक्सने नेमकं काय मारायचंय? या प्रश्नाला भाच्याकडे एकच उत्तर होतं, व्हिडिओ. हौस खरीच असेल तर परवान्यावर दुसऱ्या शस्त्रासाठी रीतसर अर्ज करायचा. आता दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती.

जिथे हे रीतसर होतं तिथे कसं होतं

परवानाधारक गनस्मिथच्या कारखान्यात काम कसं चालतं हे कळलं की 'भोकच तर आहे' ही समजूत जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. नळी बॉडीपासून सोडवतात. ती लेथवर चढवतात आणि नळीच्या आतल्या भोकाला डायल लावून फिरकी शून्यावर आणतात. बाहेरच्या अंगाला नाही, कारण नळीचं भोक आणि बाहेरचं अंग एका मध्यावर असेलच असं नाही. रीमरच्या टोकाला पायलट, म्हणजे वाट धरून ठेवणारा खुंट असतो, तो भोकात घट्ट पण मोकळा फिरला पाहिजे. तेल देत थोडं कापायचं, बाहेर काढायचं, बुरादा पुसायचा, पुन्हा आत. अडकलेला एक बुरादा चेंबरच्या भिंतीवर कायमची रेघ ओढतो आणि पुढे प्रत्येक पुंगळी त्या रेघेत अडकते. शेवटचे काही थाउ तर श्वास रोखून.

खोली गेजने ठरते. .३०८ विंचेस्टरचं उदाहरण घ्या: गो गेज १.६३० इंच, नो-गो १.६३४. पहिल्यावर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. चार थाउची खिडकी. वर्तमानपत्राचा कागद साधारण तीन थाउचा असतो.

मग बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टर, मॅगझिन. मग प्रूफ, म्हणजे दाबाची चाचणी: युरोपीय पद्धतीत कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाचं काडतूस, रायफल शिकंजात बांधून, माणूस आडोशाला. ते पार पडलं की नळीवर नवं नाव कोरायचं. ते कोरलं नाही तर पन्नास वर्षांनी कुणाचा तरी नातू जुन्या नावावर विसंबून काडतूस भरेल.

मग भाच्याने काय केलं

तर रायफल आहे तशीच ठेवायची असं ठरलं. पण 'आहे तशी' म्हणजे कशी, हे तरी माहीत हवं. आजोबांनी शेवटचा बार कधी काढला हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही हे या क्रमाने केलं आणि वारसाच्या कुठल्याही जुन्या बोल्ट-ॲक्शनला हाच क्रम लागू पडेल.

वारसाचा परवाना अजून झालेला नसेल तर सगळ्यात आधी रायफल घरातून काढा. परवानाधारक गेला की त्याच्या परवान्यावर ती तुमच्याकडे राहू शकत नाही. कलम २१प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, उगाच दिवस न लावता. उरलेली काडतुसंही मोजून सोबत द्या. कपाटातल्या डब्यात चार राहिली तर तीही विनापरवाना दारूगोळाच. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला आता दोन ते पाच वर्षं आहेत. आणि पावती जपून ठेवा, पुढचा प्रत्येक टेबलवाला तीच मागतो.

मग अर्ज. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसासाठी वेगळा नियम आहे, पंचविसावा. परवानाधारकाच्या निधनानंतर वारस अर्ज करू शकतो. परवानाधारक हयात असतानाही, त्याने सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, तर तो वारसाचं नाव देऊ शकतो. घरात आजोबा असतील तर हे त्यांच्या हयातीतच करा. नंतरचा ताप निम्मा होतो. बाकी वारसांची हरकत नाही असं लेखी लागतं. आमच्याकडे पाच मावश्या-मामा, त्यातला एक नाशिकला आणि त्याचं जमिनीवरून बोलणं बंद. बाकी कागद महिन्यात झाले, त्याच्या एका सहीला गणपती उजाडले. बृहन्मुंबईत परवाना देणारा अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. कार्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोर. गावी जिल्हाधिकारी असतो, म्हणून जुना परवाना जिल्ह्याचा आणि नवा अर्ज मुंबईत असं झालं की दोन्हीकडचे कागद जुळवायला वेळ धरा. स्थानिक ठाण्याची चौकशी होते. परवान्याला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर लागतो, जुन्या हस्तलिखित पुस्तिकेवर तो नसेल तर ते आधी विचारा.

रायफल हातात आली की पहिलं काम ती रिकामी आहे हे पाहणं. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये बघा आणि करंगळी घालून चाचपा. जुन्या शिकाऱ्यांच्या घरच्या रायफली भरलेल्या निघाल्याचे किस्से कोकणात कमी नाहीत.

मग ओळख. भाच्याने रायफल परवान्यासह फोर्टातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे नेली, मी नुसता सोबत. नळीवरचे शिक्के वाचले: बोअर, कारखाना, प्रूफच्या खुणा. बोल्टवरचा क्रमांक आणि बॉडीवरचा क्रमांक एक आहे का ते पाहिलं. ली-धाटणीत हे फार महत्त्वाचं, कारण बोल्ट त्या त्या बॉडीला बसवलेला असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत सरकतो, मिटतो, आणि तरीही हेडस्पेस, म्हणजे काडतूस जिथे टेकतं तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंतचं अंतर, चुकलेली असते. कडेच्या काडतुसात ही हेडस्पेस कडेच्या जाडीवर धरतात, बिनकडेच्यात खांद्यावर, पट्टेवाल्या मॅग्नममध्ये पट्ट्यावर.

शिक्के पुसट असतील तर गनस्मिथ चेंबरचं ओतीव घेतो. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू ७० ते ८८ अंशांना वितळतो, चहापेक्षाही कमी तापमानाला. तो चेंबरमध्ये ओततात, घट्ट झाला की काढतात. थंड होताना तो आधी आकसतो, मग पुन्हा फुगतो, आणि तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापाला येतो, तेव्हा मायक्रोमीटर लावायचा. मला हे फार आवडलं.

आमच्या रायफलीचे शिक्के स्वच्छ होते, क्रमांकही जुळले. गनस्मिथने गो गेज ठेवून बोल्ट दोन बोटांनी पुढे नेला, खाली पाडला. मिटला. मग नो-गो. बोल्टची मूठ अर्ध्यात थांबली. त्याने जोर केला नाही, नुसती बोटं काढून घेतली. ती थांबलेली मूठ भाचा बघत राहिला. आजोबांची रायफल सत्तर पावसाळे काढून मापाच्या आत होती.

आणि ती तशी राहावी म्हणून

मुंबईच्या हवेत रायफलीचा खरा शत्रू बार नाही, कपाट. जुन्या काडतुसांच्या बुडाशी दारू पेटवणारी जी कॅप असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचा भाऊ, आणि तो नळीत बसून हवेतलं पाणी ओढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुन्या साठ्यातलं काही उडवलं असेल तर आधी गरम पाण्याची चिंधी, मग कोरड्या चिंध्या, मग सॉल्व्हंट, मग तेलाचा हलका हात. सळई नेहमी चेंबरकडून तोंडाकडे घाला. तोंडाकडून घातली तर खाचांची कड झिजते आणि नेम तिथेच जातो.

आजोबा खोबरेल लावायचे. त्यांच्या पिढीत सगळ्यालाच खोबरेल. ते सुकून चिकट राळ होतं. आमच्या बोल्टमधली फायरिंग पिन त्या राळेत इतकी अडकली होती की गनस्मिथने केरोसीनमध्ये रात्रभर ठेवली. दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल, बोटाने, अगदी थोडं.

चामड्याच्या केसात रायफल कधीच ठेवू नका. दिसायला रुबाबदार, पण चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेले क्षार पोलादाला खातात. लोखंडी कपाट, आत सिलिका जेलच्या पिशव्या, आणि त्या दर महिन्याला मंद आचेवर सुकवून पुन्हा आत. बोल्ट काढून वेगळ्या कुलपात. काडतुसं तिसऱ्या.

रायफल आता भाच्याच्या ठाण्याच्या घरी नाही, आजोबांच्या खोलीतल्या त्या चामड्याच्या केसातही नाही. परवान्यावर जोगेश्वरीचा पत्ता आहे, म्हणून तिथेच आहे. ऑगस्टमध्ये त्याने फोटो पाठवला: चेंबरमध्ये फिरवलेली पांढरी चिंधी, टोकाला फिकट तांबूस डाग. खाली लिहिलं होतं, "मामा, हा गंज की जुनं पितळ?"

मी लिहिलं, उजेडात नेऊन नीट बघ. हिरवट झाक असेल तर पितळ. नसेल तर पुन्हा चिंधी.